पाणी वाचवल्याचा झगा

खीवा शहराजवळच्या आमच्या गावात बिकाजानइतकी पाण्याला जपणारी बाई दुसरी नाही. मी तिची शेजारीण, रोज बघते. तिनं खरबुजांच्या मुळाशी नळ्या टाकल्या, थेंब थेंब पाणी दिलं आणि कालव्याच्या आपल्या वाट्यातलं निम्मं पाणी वाचवलं. त्या पाण्यावर जर्दाळूची बाग करायची म्हणून रोपंही आणून ठेवली.

गावात पाणी वाटायचं काम तिच्या धाकट्या भावाकडे, मात्करीमकडे. आई गेल्यावर तिनंच त्याला लहानाचा मोठा केला. तिच्याच ओट्यावर बसून खरबूज हादडत त्यानं नळ्यांचं सगळं विचारून घेतलं. म्हणाला, "आपा, कमाल केलीस! सभेत तुझा सत्कार करतो."

केला की! आमच्या रीतीप्रमाणे तिच्या खांद्यावर मानाचा रेशमी झगा घातला, टाळ्या पडल्या. मग मेल्यानं हिशेब वाचला: आपाचं निम्म्यात भागतं, म्हणून यंदापासून तिचा वाटा निम्मा. उरलेलं पाणी गेलं कुठं? त्याच्याच भातशेतीत! जर्दाळूची रोपं अंगणातच वाळली.

ऐन उन्हाळ्यात मात्करीम बोंबलत आला, "आपा, माझ्या पाटाचं अर्धं तोंड तुझ्या झग्यानं बुजवलंय! भात करपतोय माझा!"

तिनं खरबुजाची फोड त्याच्यापुढे सरकवली.

"खा. तुझंही निम्म्यात भागेल. भागलं, की तो झगा धुऊन तुलाच घालू."