आत सामान आहे

“इसमें क्या है?” बँकेच्या माणसाने विचारलं.

“कुछ नहीं, सामान पड़ा है,” राजाभाऊ म्हणाले.

सामान म्हणजे मी. नव्या बाथरूममध्ये उभी होते, बाहेरून कडी. आत माझी पत्र्याची पेटी, वळकटी, स्टो, आणि नवा कमोड. कमोडवर कारखान्याचं प्लास्टिक तसंच होतं. बसायला दुसरं काही नव्हतं. गुडघे दुखून राहिले होते, पण बसले नाही. प्लास्टिक फाटलं तर राजाभाऊ बोलतील, असं मनात आलं. सत्तरी उलटलेली बाई मी. दुसरं काही आलंच नाही मनात.

कडी लावायच्या आधी ते मराठीत म्हणाले होते, “काकू, दहा मिनिटं फक्त. खोकू नका हं.”

मी खोकले नाही.

हे नई सडकच्या मागच्या घरातलं. पण त्याच्या आधीचं सांगायला पाहिजे, नाहीतर समजणार नाही.

दौलतगंजला एका खोलीत मी आणि माझा नवरा अडतीस वर्षं किरायाने राहिलो. तो पिठाच्या चक्कीवर कामाला होता. तिथेच खोकला लागला, त्यातच गेला. मुलगी झाँसीला दिलेली. तिच्या घरी आठ दिवस बरं असतं, नवव्या दिवशी जावई बोलत नाही.

मग आमच्या खोलीचं दौलतगंजचं ते घर विकलं गेलं. घेतलं राजाभाऊंनी. त्यांचे आजोबा इथल्या महाराजांच्या दरबारात मोठे कारकून होते. आमचे शिपाई होते फौजेत. दोघं दक्षिणेतूनच इकडे हिंदी मुलखात आलेले, पण त्यांच्या घरी आम्ही ओट्यापर्यंतच जायचो. तर असा माणूस स्वतः माझ्या खोलीत आला. खाटेवर बसला. चहा प्याला. बशीतला शेवटचा घोट पण प्याला. आणि सगळं मराठीत बोलला.

“काकू, या गावात मराठी बोलायला माणूस उरला नाही. तुमच्याशी बोललो की बरं वाटतं.”

मला पण बरं वाटलं. दिवसभर हिंदी कानावर. पोरं तर घरात पण हिंदीच बोलतात आता.

ते म्हणाले, घर दुरुस्त करायचंय. तोवर तुम्ही इथेच राहा, कामावर लक्ष ठेवा, तराई करा. काम झालं की मागची खोली तुमची, मरेपर्यंत. जुन्या किरायाच्या पावत्या माझ्याकडे द्या, मी सांभाळतो.

मी विचारलं, “काही लिहून देता का?”

ते हसले. “आपल्यात कागद कशाला, काकू? कागद हिंदीवाल्यांशी.”

पावत्यांचा गठ्ठा मी स्वतः काढून दिला. सुतळी पण नवी बांधली त्याला. हिंदीत मागितला असता तर दिला नसता. हे मला नंतर कळलं.

तराई म्हणजे प्लास्टरवर पाणी मारायचं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. पाणी कमी पडलं की भिंत तडकते. नवीन छत पडलं की त्यावर सिमेंटच्या मसाल्याचे छोटे बांध घालून क्यारी करायच्या आणि पाणी भरून ठेवायचं, शेतासारखं. मला चांगलं जमायचं. भिंतीवर बोट वाजवून सांगायची, इथे पोकळ आहे. मिस्त्री म्हणायचा, “अम्मा, तुम तो इंजीनियर हो गईं.” राजाभाऊंनी पगार दिला नाही. खोली देणार होते ना.

त्यांचा धंदा मला हळूहळू समजला. जुनं घर स्वस्तात घ्यायचं. टाइल्स, पुट्टी, रंग. एका खोलीच्या दोन करायच्या. कोचिंग क्लासच्या मुली किरायाने ठेवायच्या. मग बँकेचा माणूस बोलवायचा. तो घराची नवी किंमत लावतो, बँक त्या किमतीवर आणखी कर्ज देते, आणि त्या पैशात पुढचं घर. राजाभाऊ खुशीत असले की म्हणायचे, “काकू, आपलं घर व्यालं.”

दौलतगंजचं घर व्यालं. माझी खोली चांगली निघाली, मुली पटकन आल्या. ते म्हणाले, “पुढच्या घरात मागची खोली तुमची. हवा पण चांगली आहे.” मी पेटी उचलली. नई सडकच्या मागे गेले. तिथे पण तराई केली.

तिथे चार बाथरूम झाले. मला वापरायची मनाई. “सीट नवीन आहे, काकू, फोटो काढायचेत. प्लास्टिक काढू नका.” तर मी चौकातल्या सरकारी संडासात जायची. बाया लाइनीत विचारायच्या, “अम्मा, घर में नहीं है क्या?” मी म्हणायची, नाही. घरात चार होते.

आणि मग तो दिवस, कडीचा. आत उभी राहून मी सगळं ऐकलं. बँकेच्या माणसाने विचारलं, “कोई पुराना किरायेदार तो नहीं बैठा है? बैठा हो तो वैल्यू आधी समझो।”

“नहीं जी, पूरा खाली है.”

मग जिन्यावरून पावलं खाली गेली. दहा मिनिटांची दुपार झाली. राजाभाऊ त्याला जेवायला घेऊन गेले, मला विसरले. कडी काढली टाइल्सवाल्याने. तो खाली बघून बाजूला झाला.

मला राग आला नाही. खरं सांगते. रडू पण नाही. मी पाइप घेतला आणि मागच्या भिंतीला पाणी मारलं, त्या दिवशीचं राहिलं होतं.

तिसरं घर मुरारला. “मागची खोली तुमची.” मी हो म्हटलं, पेटी घेऊन गेले. पाणी मारताना हात चालतो आणि डोकं रिकामं असतं. त्या रिकाम्या डोक्यात ते एकच वाक्य फिरत राहायचं. बैठा हो तो आधी. म्हणजे मी बसले तर घर अर्धं होतं. माझी एवढी किंमत आहे, हे मला त्या कडी लावलेल्या बाथरूममध्ये कळलं.

एक दिवस टेम्पो पकडून दौलतगंजला गेले. माझी खोली बघायला. दार एका मुलीने उघडलं, भिंडकडची होती. “आंटी, किससे मिलना है?” माझ्या देवळीत तिचा मोबाइल चार्जिंगला लावलेला. मी म्हटलं, कोणाला नाही. तिने पाणी दिलं. तिच्यावर काय रागवायचं, ती किराया देत होती.

मुरारला परत आले. मागच्या खोलीत बघितलं तर मिस्त्री दोन पलंगांची मापं घेऊन राहिला होता.

बँकेचा माणूस येणार होता त्या सकाळी मी आधी इथल्या नव्या बाथरूममध्ये गेले. प्लास्टिक फाडलं. बसले. पाणी टाकलं. मग पेटी ओढत मधल्या खोलीत आणली, स्टो लावला, चहा ठेवला आणि पेटीवर बसले.

ते दोघं आत आले. राजाभाऊ दारातच थांबले. हसत, गोड मराठीत म्हणाले, “काकू, आत जा. पाहुणे आलेत.”

पाहुण्याला मराठी कळत नव्हती. मी हिंदीत उत्तर दिलं, त्याच्याकडे बघून.

“मैं यहीं रहती हूँ. इनकी पुरानी किरायेदार हूँ. दौलतगंज से ये खुद उठाकर लाए हैं. लिख लीजिए.”

“काकू, काय करताय?” आवाज खाली गेला. “आपल्यातलं आपल्यात ठेवा.”

“हिंदी में बोलिए, राजाभाऊ. साहब को भी समझना चाहिए.”

बँकेच्या माणसाने पेन काढला. “माताजी, नाम?”

मी नाव सांगितलं. नवऱ्याचं सांगितलं, बापाचं पण. त्याने लिहिलं, पेटीचा आणि स्टोचा फोटो काढला, आणि चहा न घेता गेला.

राजाभाऊ भिंतीला टेकून उभे राहिले. पुट्टी ओली होती, शर्टाला लागली. म्हणाले, “तुम्ही आपल्या माणसाचं वाटोळं केलंत.”

मी कप धुतला.

त्या दिवसापासून ते माझ्याशी हिंदीतच बोलतात. “खाली करो,” म्हणतात. बिजली कापली आहे. मुलगी झाँसीहून फोन करते, आई, सोडून दे, ये इकडे. मी म्हणते, नाही. आता वकील येईल, माणसं येतील, मला माहीत आहे. येऊ देत. पाइप मी ठेवून दिला आहे, कोणाच्या भिंतीला आता मी पाणी मारणार नाही. दाराची बाहेरची कडी मिस्त्रीकडून काढून घेतली आहे. एकच कडी आहे, आतल्या बाजूला.

आत काय आहे, असं कोणी विचारलं तर आतून मी सांगणार.