आधी नळ बंद

माझ्या थोरल्या बहिणीला सगळी गल्ली फौजदार म्हणते, तेही तोंडावर. लाँड्रीच्या काउंटरमागे ती गिऱ्हाइकाचा शर्ट उजेडात धरते आणि सांगते, "हा डाग आमचा नाही. घरूनच आणलाय." गिऱ्हाईक भांडतं, ती सव्वापट भांडते. तरी ते परत येतं, कारण कॉलरला अशी इस्त्री दुसरीकडे मिळत नाही.

सुनेशी तिचं पहिल्यापासून वाकडं. ही काउंटरवर, ती इस्त्रीच्या टेबलावर. मधे टांगलेले कपडे, आणि टोमणे त्यांच्या आडून.

सुनेला सहावा लागला तेव्हा सोनोग्राफीत बाळाची एक किडनी सुजलेली दिसली. भाचा परगावी, म्हणून सोबत मी होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लघवी पुढे नीट सरकत नाही, आत साचते. बहुतेकदा आपोआप ओसरतं, पण लक्ष ठेवू." घरी येऊन मी ते सांगितलं. बहिणीने त्यातलं एवढंच उचललं: पुढे तुंबलंय, आत साचतंय.

मशीनचा निचरा तुंबला की ती आधी नळ बंद करते. दुसऱ्या दिवशी टेबलाखालची सुनेची बाटली गायब.

"आई, माझी बाटली?"

"जेवताना मिळेल पाणी."

"दिवसभर वाफेत उभी आहे मी. घसा सुकतो."

"सुकू दे. ढोसतेस तू, फुगतंय ते पोर."

"डॉक्टर असं म्हणाल्या नाहीत."

"डॉक्टरने कधी मशीन उघडलंय?"

मी लाँड्रीच्या हिशेबाच्या वहीतून मान वर काढून म्हणालो, "ताई, बाळ म्हणजे मशीन नव्हे."

"तू आपल्या बेरजा कर."

मी दुसरी बाटली आणली, तीही तिने उचलली. सुनेला म्हटलं, शेजारी जाऊन पी. ती फणकारली, "चोरून? आणि बाळाचं काही बिनसलं, तर जन्मभर हेच ऐकवतील, मामा." मग तीही हट्टाला पेटली. ओठ फुटले तरी मागेना.

एका दुपारी ती टेबलापाशीच कोसळली. इस्त्री एका पांढऱ्या शर्टावर तशीच राहिली.

पुन्हा सोनोग्राफी. या वेळी बहीणही सोबत आली. सूज तेवढीच, पण बाळाभोवतीचं पाणी घटलेलं.

"हिचं पाणी कोणी तोडलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. सुनेने पडल्यापडल्या बोट दाखवलं.

"मला वाटलं..." बहीण म्हणाली.

"वाटून घेऊ नका, विचारत जा. आईच्या पाण्याने बाळाची किडनी फुगत नाही. आई कोरडी पडली तर मात्र बाळाला धोका. आठवड्याने या."

सकाळी बहिणीने भरलेला तांब्या टेबलावर आदळला. "संपव."

"आधी माफी मागा."

"पोराची मागेन, बाहेर आलं की. तुझी नाही."

सुनेने तिच्यावर डोळे रोखून घटाघटा तांब्या रिकामा केला आणि पालथा ठेवला. आठवडाभर रोज हेच.

पुढच्या सोनोग्राफीत पाणी भरून आलं होतं. सूज होती तशीच. बाळंतपणानंतर पुन्हा बघायचं ठरलं. आम्ही परत आलो, तर पांढऱ्या शर्टाचा मालक दारात उभा.

सून इस्त्रीच्या टेबलाकडे गेली, बहिणीने शर्ट उजेडात धरला. पाठीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा. गिऱ्हाईक भांडायच्या तयारीत होतं.

"हा डाग आमचा," ती म्हणाली. "माझ्यामुळे पडला."

कपड्यांच्या आड इस्त्री थांबली. बहीण तिकडे न बघताच खेकसली, "थांबलीस काय? तांब्या रिकामा झाला का?"