इंजिनाला वारा

रोटरी इंजिन पाण्याने थंड ठेवायचं, त्यात काय एवढं, असं मला एकेकाळी वाटायचं. आज कोणी तसं म्हणालं तर मी त्याला आमच्या लालबागच्या शेडमध्ये उभं करीन आणि म्हणीन, घे बाबा, ठेव थंड.

मी आणि बाबा मिळून विमान बांधत होतो, दोन सीटचं. बाबा गिरणीत फिटर. गिरणी गेली, पण हात काही स्वस्थ बसेनात. मी कॉलेजात पोरांना इंजिनं शिकवते. पंख, शेपूट, चाकं सगळं आम्हीच केलं. इंजिन तेवढं एका जुन्या परदेशी गाडीतलं आणलं. त्यात पिस्टन वरखाली होत नाहीत, तिकोनी रोटर गरगर फिरतो. लहान, हलकं, आणि तापायला एक नंबर. घाटावरच्या धावपट्टीवाल्यांची अट होती की पूर्ण जोरात पंधरा मिनिटं न तापता चालवून दाखवा, मगच विमान आमच्याकडे आणा. शेड होती गणपतीच्या मूर्तिकारांची. त्यांची माती आली की आम्ही रस्त्यावर. लालबागमध्ये विमान ठेवायला दुसरं कोण जागा देणार? म्हणजे तोवर जमलं नाही तर सगळं भंगारात. मला बाबांना शेजारच्या सीटवर बसवून एकदा तरी वर न्यायचं होतं, आणि त्यांचे गुडघे काही माझ्यासाठी थांबणार नव्हते.

रविवार आला की विमान शेडबाहेरच्या अंगणात काढायचं, शेपूट खांबाला साखळीने बांधायची, पंख्यासमोर कोणी येऊ नये म्हणून दोर लावायचा आणि इंजिन सुरू करायचं. समोरची अख्खी चाळ गॅलरीत. कधी उडणार, हा प्रश्न ठरलेला. बाबा हातात चहाचा ग्लास घेऊन तापमानाच्या काट्याकडे बघत उभे राहायचे. तो चहा निवायच्या आत काटा लाल पट्टीत. की बंद! मग इंजिन निवेपर्यंत एकमेकांवर चिडत बसायचं.

पंप बदलला. पाण्यातले बुडबुडे काढले. रेडिएटर मोठा बसवला. काटा आपला लाल तो लालच. मग आम्ही चाळीतल्या माणसांनी करावं तेच केलं. उकडलं की दार सताड उघडायचं, हा आमचा जन्माचा उपाय. विमानाच्या नाकाखाली एक तोंड असतं, तिथून वारा आत शिरतो आणि रेडिएटरमधून जातो. ते कापून मोठं केलं. पुढच्या रविवारी आणखी मोठं. बाबा म्हणायचे, अजून जरासं उघडूया. आणि मी, पोरांना हवेचा दाब शिकवणारी बाई, करवत घेऊन तयार! शेवटी ते नाक आ वासून बसलं, तरी काटा पहिल्यापेक्षा लवकर चढला. माझं डोकंच फिरलं. मी पाना फरशीवर आपटला आणि म्हटलं, विकून टाकू, बस झालं. बाबांनी पाना उचलला, पुसला, जागेवर ठेवला. मला त्याचाच जास्त राग आला.

घरी आलो तर पंखा बंद पडलेला, कंडेन्सर गेला होता. ऐन मे महिना. आई गेल्यापासून त्या खोलीत आम्ही दोघंच. दार सताड उघडं, तरी वाऱ्याचा पत्ता नाही. बाबा भिजल्या बनियनमध्ये दाराशी बसून पेपरने वारा घेत होते. मागच्या खिडकीला विमानाचे उरलेले ॲल्युमिनियमचे पत्रे टेकवलेले होते. पंख करताना मीच ठेवलेले, दोन दिवसांसाठी म्हणून. त्या विमानाचं काहीही डोळ्यांसमोर नको होतं मला. तणतणत गेले आणि ते पत्रे खस्सकन बाजूला ओढले.

दारातून वारा आत आला. भिंतीवरचं कॅलेंडर हललं, बाबांच्या हातातला पेपर फडफडला. दार तर मघापासून उघडंच होतं की! मी पत्रा हातात धरून तशीच उभी.

"बाबा, मागून वाटच नाहीये," मी म्हटलं.

बाबा आधी खिडकीकडेच बघायला लागले. मग माझ्याकडे बघून हसले आणि चपला शोधू लागले.

आत घुसलेला वारा रेडिएटरच्या मागे तुंबत होता. बाहेर पडायची फट एवढीशी, मग पुढून नवा वारा शिरणार कुठून? दुसऱ्या दिवशी आम्ही पोटाखालची ती फट चांगली रुंद कापली. खिडकीतले पत्रे शेडमध्ये नेले आणि त्यातल्याच एकाची तिरकी झडप करून तिला लावली, म्हणजे बाहेरचा वारा आतला वारा ओढून घेईल. पुढचं तोंड उलट निम्मं बुजवलं. त्या रविवारी काटा चढला, लाल पट्टीच्या खाली थांबला आणि तिथेच राहिला. पंधरा मिनिटं झाली. बाबांच्या चहावर साय आली. मी इंजिन बंद केलं आणि दोर ओलांडून रडतच त्यांच्याकडे गेले.

मूर्तिकारांची माती आली त्या सकाळी विमान टेम्पोवर चढलं. शेड झाडताना उरलेले पत्रे मी गोळा केले. चांगले होते, टाकवेनात. ते उचलून मी घराकडे वळले, तर बाबांनी माझा दंड धरला.

"घराक नको हाडू गो," ते हळूच गावच्या मालवणीत म्हणाले. "माका पण वारो होयो."