दात दिसतील असा फोटो

मातीचा तो चेहरा मोबाईलवर गल्लीभर फिरला, तेव्हा प्रत्येक बाईला त्यात आपापलं माणूस दिसलं. एकीला घर सोडून गेलेला दीर, दुसरीला दुबईत सुखरूप असलेला भाऊ. शेजारच्या सोजरबाईला तर तो गॅसची टाकी आणणारा वाटला, आणि तो आदल्याच दिवशी टाकी टाकून चहा पिऊन गेला होता.

तुळजापूर रस्त्याला एका बंद पडलेल्या खडीच्या खाणीत कुणा तरुणाची कवटी सापडली होती. पोलिसांनी जाणकाराकडून तिच्यावर मातीचा चेहरा घडवून घेतला आणि ओळख पटवा म्हणून फोटो फिरवला. पण मातीनं सांगून सांगून किती सांगावं? हाडावरून जबडा कळतो, नाकाचा अंदाज येतो. माणूस हसायचा कसा, रागावला की ओठ कुठं न्यायचा, ते कुठलं कळायला! रेशनच्या रांगेत ताटकळल्यासारखा तो चेहरा समोर बघत होता, तोंड मिटून.

येसूबाईनं मात्र सोजरबाईचा फोन परत दिला नाही. जबडा रत्नदीपचा होता. निदान तिला तसं वाटलं.

रत्नदीप तिचा मुलगा. चार वर्षांपूर्वी भवानी पेठेतल्या त्या दोन खोल्यांतून निघाला, हैदराबादकडच्या ट्रकवर चढला. आधी फोन यायचे, मग नुसते मिस्ड कॉल, मग नंबरच बंद. येसूबाई टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला बसायची. मशिनींच्या खडखडाटात फोन वाजलेला कळणार नाही म्हणून तो मांडीखाली ठेवायची, थरथरला तरी कळावं. नंबर बंद झाल्यावरही तो मांडीखालीच राहिला. बायका हसायच्या, "येसूआक्का अंडं उबवायलीय." ती म्हणायची, "उबवू दे की. तुमच्या बाचं काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी ती चौकीत गेली. तिथं रेश्मा मॅडम नावाच्या फौजदार होत्या, तरुण आणि नीट बोलणाऱ्या. त्यांनी खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "आई, घाबरू नका. तुमचं रक्त घेऊ. आईच्या रक्तावरून सरळ कळतं."

येसूबाईनं पदर सारखा केला. "माज्या रक्ताचा काय उपेग न्हाय, मॅडम."

"म्हणजे?"

"रांगत हुता तवा त्याची आई वारली. मग मी आले. आता त्याचा बापबी न्हाय, दुसरं कुणीबी न्हाय."

"अच्छा, सावत्र."

मॅडमनी तो शब्द कामापुरता वापरला. त्यांचा काही दोष नाही. पण गल्लीत हा शब्द तिच्यासमोर काढायची कुणाची छाती नव्हती. भांड्याला भांडं लागून भांडणं झाली तरी कुणी काढला नव्हता. येसूबाई टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. पोराचं सगळं केलं, गोवरात रात्री काढल्या, आणि ओळख पटवायची वेळ आली तर तिच्या अंगात त्याचं काहीच नव्हतं.

मॅडमनी दुसरा मार्ग सांगितला. फोटो लागेल, दात दिसतील असा. प्रयोगशाळेत कवटी फोटोवर बसवून बघतात. डोळ्याच्या खोबणी, हनुवटी, दात, सगळं जुळतं का ते. "फोटोत मान वळलेली असली तरी चालते. कवटी तेवढीच वळवून घेतात. दातांत काही खूण होती का? वाकडा, तुटलेला?"

खूण होती. वरचा एक सुळा शेजारच्या दातावर चढून बसला होता, हसला की आधी तोच बाहेर यायचा. येसूबाई म्हणाली, "न्हाय. सरळ हुते."

आणि तिनं भिंतीवरून काढून आणलेला फोटो पुढं केला. स्थळासाठी काढलेला: निळा शर्ट, गोरा रंग, एका ओळीत बसलेले पांढरे दात. ते दात रत्नदीपचे नव्हतेच. नाक्यावरच्या स्टुडिओवाल्या शिवयोगीनं कॉम्प्युटरवर बसवले होते, येसूबाईच्याच सांगण्यावरून. पुढं मुलीकडची मंडळी बघायला आली, फोटो बघितला, पोरगा बघितला, आणि मुलीची मामी पदराआड हसली. ते लोक गेल्यावर रत्नदीप एवढंच म्हणाला होता, "माझा दात लपीवलास, आई. उद्या मलाबी लपीवशील." त्याच महिन्यात तो ट्रकवर चढला.

चौकीतून ती हलकी होऊन बाहेर पडली. तिचा हिशेब सोपा होता. खाणीतला माणूस रत्नदीप असला, तर कवटीत वाकडा दात असणार आणि फोटोत सरळ. जुळणार नाही. जुळलं नाही की पोरगा जिवंत. असल्या हिशेबाला शहाणपण म्हणत नाहीत, हे तिलाही कळत होतं. पण ज्याच्या घरातलं माणूस गेलेलं नसतं आणि आलेलंही नसतं, त्याला शहाणपण शिकवायला कुणी जाऊ नये.

संध्याकाळी तिनं सोजरबाईला सगळं सांगितलं. सोजरबाई शेंगदाणे कुटत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"आन त्या कवटीचेबी दात सरळ असले म्हंजी?"

"म्हंजी काय?"

"म्हंजी काय काय? तू सरळ दाताचा फोटू दिलास. ते बघतील, बसतोय म्हणतील. कुणाचं तरी हाड आणून तुज्या दारात ठेवतील की, आन रत्नदीप मेला म्हणून शिक्का मारतील. खुळी का शानी तू?"

येसूबाईनं हे मनातही आणलं नव्हतं. आणि मग दुसरंही मनात आलं, त्याहून वाईट. खाणीतला खरंच तोच असला तर? तो तिथं खोक्यात बिननावाचा पडलाय, आणि आईनं दुसऱ्यांदा त्याचा दात लपवलाय.

सकाळी कारखाना बुडवून ती शिवयोगीच्या स्टुडिओत गेली. "माझ्या रत्नदीपचा फोटू, दात सरळ करायच्या आदीचा. हाय का?"

"आक्का, चार वर्सं झाली. असंल तर जुन्या डिस्कमधी. उद्या या."

"बसते."

"लई टाइम लागंल."

"मला कुटं जायाचंय?"

दुपारी शिवयोगीनं हाक मारली. पडद्यावर रत्नदीप होता. पण हा सरळ बसून काढलेला फोटो नव्हता. त्याच्याआधी, लाइट बघताना सहज टिपलेला. मान डावीकडं वळवून तो खदाखदा हसत होता, सुळा पुरता बाहेर. चौकटीच्या त्या कडेनं एक हात आत आला होता. हिरव्या बांगड्या, मुठीत कंगवा.

"हे तुमीच की," शिवयोगी म्हणाला. "तुमी वरडला नव्हता का, तोंड मीट म्हणून? मीट मीट म्हणाल तसं ते जास्तच हसायलं."

येसूबाईला आठवलं. एवढी वर्षं त्या दिवसातलं तिच्या लक्षात राहिलं होतं ते फक्त आपलं ओरडणं. तो हसला होता, आणि आपल्याकडं बघून, हे ती विसरूनच गेली होती.

तो फोटो घेऊन ती तडक चौकीत गेली. "पयला खोटा हाय. दात मीच सरळ करून घेतलेले. हा खरा." मॅडम रागावल्या, रागवायलाच हवं होतं. मग त्यांनी फोटो नीट बघितला आणि दुसऱ्या दिवशी तो पाठवून दिला.

निकाल यायला वेळ लागला. आला तेव्हा मॅडम स्वतः घरी आल्या. उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "आई, तो तुमचा मुलगा नाही."

येसूबाई खाली बसली.

"पहिला फोटो बराचसा बसत होता," मॅडम म्हणाल्या. "हनुवटी, डोळे, सगळं. तोच राहिला असता तर काय झालं असतं, सांगता येत नाही. पण कवटीचे दात सरळ आहेत. एकटा तुमच्या मुलाचा दातच आडवा आला."

सोजरबाईनं आपल्या दारातूनच हात जोडले, कुणाला ते तिचं तिला माहीत. येसूबाईला मात्र लगेच रडू आलं नाही, हसूही आलं नाही. तिनं विचारलं, "मॅडम, ती कवटी माझ्या फोटूवर बसीवली तवा तिची मान वळीवली असंल न्हवं?"

"हो. फोटोत आहे तशी."

"म्हंजी माझ्या हाताकडं. कुणाचं हाय वो ते लेकरू?"

"अजून कुणी आलेलं नाही," मॅडम म्हणाल्या.

आता कारखान्याच्या फाटकाशी मातीच्या चेहऱ्याचा तो फोटो येसूबाईनं स्वतः चिकटवलाय. कुणी थांबलं की सांगते, "तोंडाकडं बघू नका, तोंड सगळ्यांचंच असतंय. दात सरळ हुते त्याचे. कुणी सरळ दाताचं हुतं का तुमच्यात?"

घरात भिंतीवर हसरा फोटो लागला. सोजरबाई म्हणाली, "बिनहाराचा बरा दिसतोय."

फोन अजून मांडीखालीच असतो. खाट मात्र येसूबाईनं हलवली. आधी ती दारासमोर होती. आता फोटोच्या डाव्या अंगाला, चौकटीत तो हात आलाय त्या बाजूला आहे. कामावरून आली की ती तिथंच टेकते. तिथून तो तिच्याकडं बघतो.