पहाटेची गिऱ्हाइकं

नागपूरच्या नंदनवन कॉलनीतले गोपाळराव गाडी विकायला निघाले होते, असं त्यांच्या बायकोला, शामलाबाईंना वाटत होतं. डोळ्यांत काचबिंदू आहे, यापुढे स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गोपाळरावांच्या मते डॉक्टरांना लोकांना घाबरवण्याचाच पगार मिळतो. नोकरीत असताना अर्धा जिल्हा आपण याच डिझेल गाडीतून पालथा घातला, आपल्याला काय दिसत नाही? पण बायकोशी वाद घालायची त्यांची छाती नव्हती. म्हणून ते प्रत्येक गिऱ्हाइकाला उजाडता उजाडता बोलावत.

डिसेंबरातली नागपूरची थंडी माणसाच्या हाडांत शिरते, या गाडीच्या मात्र थेट इंजिनात शिरायची. गिऱ्हाईक कानाला मफलर गुंडाळून उभं राही, गोपाळराव किल्ली फिरवत, गाडी घुरघुरून गप्प होई. "म्हातारी झाली गा आता," असं ते हळहळून सांगत. गिऱ्हाईक चहा पिऊन परत जाई आणि गोपाळराव त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खात.

मग एके दिवशी कुही गावाहून बळीराम आला. त्याला आईला दवाखान्यात न्यायला-आणायला गाडी हवी होती. गाडी नेहमीसारखी घुरघुरली आणि थांबली. तेवढ्यात शामलाबाई वाफाळतं पातेलं फडक्यानं धरून बाहेर आल्या.

"अवो, दर हिवाळ्यात माह्याकडून गरम पाणी घेता, डिझेलच्या पाइपावर टाकता, मंगच गाडी सुरू करता. गिऱ्हाइकासमोरच काहून विसरून राहिले?"

चोरी उघडी पडली. गोपाळराव ओशाळले.

"गाडी गेली तं मी घरात काय करू वं?"

"ते मले नाई माहीत. मले तुमच्या बाजूले बसाचं भेव लागते," शामलाबाई परक्या माणसासमोरच बोलून गेल्या.

गोपाळरावांनी बॉनेट उघडून पाइपावर पाणी ओतलं. गाडी सुरू झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना ती सुरू झाल्याचं वाईट वाटलं.

"चला काका, तुमीच एक चक्कर मारून दाखवा," बळीराम म्हणाला. शामलाबाई फाटक घट्ट धरून उभ्या राहिल्या. ते गोपाळरावांना बघवेना. "तूच चालव," म्हणत ते डाव्या बाजूला जाऊन बसले.

"दाब गा, रस्ता मोकळा हाये," गल्लीच्या तोंडाशी ते म्हणाले. बळीरामनं करकचून ब्रेक मारला.

"काहून थांबला?"

"काका, ते पोरगी आडवी आली नं सायकलवर!"

गोपाळरावांनी मान पुरती वळवली, तेव्हा कुठे गुलाबी स्वेटर घातलेली पोर त्यांना दिसली. पाठीवर दप्तर घेऊन ती आपल्या तंद्रीत चालली होती. बराच वेळ ते तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले.

"गाडी घेऊन जा गा," शेवटी ते म्हणाले. "मले तेवढं घरी सोडून दे."