मलेटाबाईंचे शून्य तास

बेटावरच्या शाळेत मलेटाबाई सव्वीस वर्षं शिकवत होत्या. अर्धं बेट त्यांच्या हाताखालून गेलेलं. आणि मंगळवारच्या विमानाने त्यांना पत्र आलं, की प्रशिक्षणाचे वीस तास न भरल्यामुळे आपली शिक्षक नोंदणी संपुष्टात आली आहे. म्हणजे सोमवारपासून स्वतःच्याच वर्गावर उभं राहायचं नाही!

आता हे वीस तास कसले, ते ऐका. दर वर्षी मुख्य भूमीवरून नवे शिक्षक येतात. त्यांना इथलं वारं कळत नाही, ओहोटी कळत नाही, ज्याच्या घरी मयत झालंय ते पोर गप्प का बसलंय तेही कळत नाही. म्हणून बाई त्यांना तीन दिवस खडकांवर नेतात, भरती-ओहोटीवरून गणित कसं शिकवायचं ते दाखवतात, वर नारळाच्या दुधात शिजवलेला कंद पोटभर खाऊ घालतात. त्या तीन दिवसांचे वीस तास नोंदणीत जमा होतात. शिकणाऱ्यांच्या. शिकवणारीला शून्य! वाढणारीच उपाशी, असला हा उफराटा न्याय.

बाईंनी शहरातल्या कार्यालयाला फोन लावला.

"अहो, ते वर्ग मीच घेतलेत."

"हो मॅडम, पण तुम्ही त्यात बसला नव्हतात ना."

"मग काय, माझ्याच पुढ्यात मीच बसू?"

पलीकडचा माणूस हसलासुद्धा नाही. "एखादा ऑनलाइन कोर्स करा ना. 'बेटांवरच्या मुलांना समजून घेताना' असा एक चांगला आहे."

बाईंनी फोन आपटला. त्यांचा नुसता संताप संताप झाला, आणि का होऊ नये?

शुक्रवारी ब्रिजेट दारात आली. दोन महिन्यांपूर्वी आलेली नवी शिक्षिका, हातात यंदाच्या नव्या शिक्षकांची नऊ प्रमाणपत्रं.

"बाई, तेवढ्या सह्या करता? तुमच्या सहीशिवाय आमचे तास धरत नाहीत."

बाईंनी पेन उचललं. सहीखाली रकाना होता : प्रशिक्षकाचा नोंदणी क्रमांक. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पत्र पुढे सरकवलं.

ब्रिजेटने ते दोनदा वाचलं. "मग आमचं काय?"

"ऑनलाइन कोर्स आहे म्हणे एक. आम्हाला समजून घ्यायचा."

"बाई, सोमवारपासून तुमच्या वर्गावर मलाच नेमलंय," ती खाली बघत म्हणाली. "मला नव्हतं माहीत, खरंच."

"तुझी काय चूक गं? जा, पोरांना वाऱ्यापासून सुरुवात कर."

सोमवारी ब्रिजेट फळ्यापाशी उभी राहिली. बाईंना मदतनीस म्हणून मागच्या भिंतीशी खुर्ची मिळाली. घंटा झाली, तशी एकवीस पोरांनी आपापल्या खुर्च्या उचलल्या आणि मागे तोंड करून बसली.