आमोसची जीप आणि मेरावची बस

आमोस झिराडकर स्वस्थ बसलेला इस्राएलातल्या रामल्यात कुणी पाहिला नव्हता. जेवताना त्याचा एक पाय हलत असे. सिनेगॉगमध्ये प्रार्थना लांबली की समोरच्या बाकाचे स्क्रू घट्ट आहेत का, ते तो बोटांनी चाचपून बघे. लग्न झालं तेव्हा पनीनाला वाटलं, मुंबई सोडायची गडबड आहे म्हणून असेल. इकडे आल्यावर वाटलं, नवा देश आहे म्हणून असेल. पुढे तिने काही वाटून घेणंच सोडून दिलं. "ह्यांच्या अंगात मोटार हाय," ती शेजारणींना सांगे, "आणि बंद करायची चावी देवाने दिलीच नाय."

मूळचा तो ठाण्याचा. परळच्या एका गॅरेजात हात काळे करून शिकला आणि एकोणीसशे साठच्या दशकात बायकोला घेऊन इस्राएलात आला. लोदच्या विमानतळावर प्रवाशांचं सामान ओढणाऱ्या गाड्या दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. पहिल्याच आठवड्यात त्याने तिथे 'ऑइल सील' मागितलं, तेव्हा स्टोअरवाला त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. त्या वस्तूला इथे 'सिमरिंग' म्हणतात, हे कळायला त्याला तेल गळणारी गाडी ओढत स्टोअरच्या दारात न्यावी लागली. मग हिब्रू शिकला, पण कामापुरती. घरात मराठीच. रिटायर झाल्यावर सगळ्यांना वाटलं, आता तरी टेकेल. त्याने लष्कराच्या लिलावातून एक जुनी जीप आणून इमारतीमागच्या मोकळ्या जागेत उभी केली. पनीना दोन दिवस बोलली नाही.

दोन हजार दोन सालचा वसंत होता. बसमध्ये माणसं चढत आणि अंगावरचे बॉम्ब उडवत. त्या दिवसांत लोक बसमध्ये चढण्याआधी आत बसलेल्यांचे चेहरे बघत आणि चढल्यावर नंतर चढणाऱ्यांचे. आमोसची मुलगी मेराव रोज सकाळी रामल्याहून पेताह तिक्वाला बसने जाई, एका ऑफिसात हिशेबाच्या कामाला. वय अठ्ठावीस, जन्म इथलाच. ती बाहेर पडली की आमोस रेडिओ लावी. दर तासाला बातम्यांआधी पिप् पिप् वाजे आणि तो हातातलं टाकून ऐके. बातमीदाराचा आवाज नेहमीसारखा निघाला की तो रेडिओ बंद करी, पाच मिनिटांनी परत लावी. पनीनाने एलियाहू हन्नाबी पैगंबराला मलिद्याचा नवस बोलून ठेवला होता आणि त्यानंतर निदान रात्रीची झोप तरी तिला लागत होती. आमोसला नवसाने झोप येत नव्हती. त्याला हाताला काहीतरी काम हवं होतं.

आणि मग त्याच्या डोक्यात आलं: जीप! पोरीने बसने जायचंच कशाला? दारात गाडी उभी आहे. लायसन आहे. अडचण एकच होती. जीपखाली रोज काळ्या तेलाचं थारोळं साचायचं.

गळत होती ती ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सच्या मागची ती पेटी जी इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटून देते. तिच्या मागच्या तोंडातून शाफ्ट बाहेर येतो आणि तिथे रबराचं सील बसलेलं असतं. ते गेलं होतं. या जुन्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम तिथेच असतो, त्यामुळे सगळं तेल ब्रेकवर. हँडब्रेक नुसता नावाला. अशी गाडी पोरीच्या हातात कशी देणार?

गुरुवारी सकाळी मेराव बसला गेली आणि हा जीपखाली गेला. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, तेल काढलं, प्रोपेलर शाफ्ट सोडवला, ड्रम उतरवला. मधला मोठा नट हलेना. आमोसने पान्याला पाईप लावला, वर लटकला, लष्करातल्या ज्या कुणी तो नट आवळला होता त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नट सुटला. जुनं सील उकरून काढलं तर लाकडासारखं कडक झालेलं. नवं सील तेलात बुडवून, त्याचा ओठ, म्हणजे रबराची कड, आतल्या बाजूला ठेवून, पाईपच्या तुकड्याने चहूबाजूंनी हलके ठोके देत त्याने बसवलं. संध्याकाळपर्यंत सगळं जोडून झालं. बाजारापर्यंत एक चक्कर मारून आला, खाली पुठ्ठा अंथरला आणि हात धुवायला गेला. परत आला तर पुठ्ठ्यावर काळा डाग.

आमोस त्या डागाकडे बघतच राहिला. चाळीस वर्षं सील बसवणारा माणूस! हात गेले की काय आपले? जेवणावर त्याचं लक्ष नव्हतं. मेराव ऑफिसातलं काही सांगत होती, तेही त्याच्या कानांवरून गेलं.

शुक्रवारी उजाडताच तो पुन्हा खाली. संध्याकाळी शब्बाथ लागायच्या आत काम व्हायलाच हवं होतं, कारण इथे रविवारी ऑफिसं सुरू होतात. नवं सील ठाकठीक होतं, ओठ कुठे फाटलेला नव्हता. मग तेल येतं कुठून? उताणा पडल्या पडल्या तो पेटीवर बोटं फिरवत गेला आणि वरच्या अंगाला एका उंचवट्यावर बोट थांबलं. ब्रीदर! पेटी तापली की आतली हवा बाहेर जायला ठेवलेलं छोटं भोक. लष्कराने लिलावाआधी गाडी मस्तपैकी खाकी रंगवून काढली होती, त्यात हे भोकही रंगाने लिंपून टाकलं होतं. हवेला वाट नाही, मग ती तेलाला सीलमधून ढकलणार नाही तर काय करणार?

"गाढवांनो," आमोस आनंदाने ओरडला, "श्वास घ्यायची जागा तरी सोडायची!"

त्याने ब्रीदर काढून मोकळा केला, ताण बसलेलं सील बदलून दुसरं घातलं आणि ब्रेकचे पट्टे पेट्रोलने धुऊन काढले. मन कसं हलकं झालं. वर गॅलरीत मेराव ओले केस पुसत उभी होती. शेजारच्या घरात टीव्ही मोठ्याने चालू होता. आमोसने जीपखालूनच हाक मारली, "काय गं, रविवारी ही जीप घेऊन ऑफिसला कोण जाणार?"

"मी?" वरून मेरावचा आवाज आला.

"तूच! दुसरं कोण!" आमोस म्हणाला आणि खालच्या खाली हसला. पोर कबूल झाली होती. इतक्या सहज होईल असं त्याला वाटलं नव्हतं.

शब्बाथ त्याने कसा काढला ते त्यालाच ठाऊक. कामाला हात लावायचा नाही, गाडी सुरू करायची नाही, हे सगळं तो पाळत होता. पण बघायला कुठे मनाई आहे? सकाळपासून तो वरखाली करत होता. दुपारी सिनेगॉगचा हाईम त्या वाटेने चालला होता, तर आमोस शब्बाथचे पांढरे कपडे घालून जीपसमोर पालथा पडलेला.

"आमोस, बरं नाय काय?"

"पुठ्ठा बघतो. कोरडा हाय."

"तू मात्र आजारी हाय," असं म्हणून हाईम पुढे गेला.

रविवारी सकाळी आमोसने जीप इमारतीच्या दारात आणून उभी केली. काच पुसली, सीटवर पनीनाची जुनी चादर घातली. मेराव खाली आली, "बोकेर तोव, अबा," असं बापाला सुप्रभात म्हणाली आणि खांद्यावरची पिशवी सावरत सरळ स्टॉपच्या दिशेने चालू लागली.

"अगं, तिकडे कुठे? चावी घे!"

"कसली चावी?"

"जीपची! शुक्रवारी बोललीस ना, मी नेणार म्हणून?"

"मी कधी बोलले?"

"मी विचारलं, जीप कोण नेणार. तू वरून म्हणालीस, मी!"

मेरावने कपाळाला हात लावला. "अबा! मला नुसतं 'कोण' ऐकू आलं. मी विचारलं, मी? हिब्रूमध्ये! मी म्हणजे कोण!"

आमोसने पुढे केलेली चावी खाली घेतली. छत्तीस वर्षं या देशात काढली. 'मी' म्हणजे 'कोण' हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, दिवसातून दहादा दारावर टकटक झाली की आतून लोक तेच विचारतात. पण पोरीच्या तोंडून त्याला जे ऐकायचं होतं, ते त्याने मराठीत ऐकलं. मेरावला हसू आलं. त्याला नाही आलं.

"बरं, तेव्हा नाय म्हणालीस. आता म्हण. ही घे चावी."

मेरावचं हसू गेलं. मराठीत ती बापालाही 'तू'च म्हणे. हिब्रूत मोठ्यांसाठी वेगळा शब्द नाही आणि ती सवय मराठीतही आली होती. आमोसने कधीच टोकणं सोडलं होतं. "अबा, तू माझ्यासाठी केलंस, कळतं मला. पण मला बसने जायचंय."

"का? जीव वर आलाय?"

"रोज स्टॉपवर उभी राहते ना, तेव्हा पाय मागे जातात. तरी चढते. एक दिवस चढले नाही, तर दुसऱ्या दिवशी पण चढणार नाही. मग बाजारात जाणार नाही. मग खाली पण येणार नाही. माझी मैत्रीण सारित, तिचं तसंच झालं, महिना झाला घरातून निघाली नाही. मला तसं व्हायचं नाही." एवढं सगळं ती अर्धं मराठीत, अर्धं हिब्रूत एका दमात बोलली. बस वळणावर दिसली तशी पळत सुटली.

आमोस चावी हातात धरून उभा होता. वर जाऊन रेडिओ लावायचा? पिप् पिप् ऐकायचं? त्याला ते आज शक्य नव्हतं. तो जीपमध्ये बसला आणि बसच्या मागे निघाला.

रामल्यातून बाहेर पडेपर्यंत त्याच्या लक्षात आलं की बसला चिकटून जाणं आज मुळीच अवघड नाही. त्या दिवसांत गाडीवाले बसपासून लांब राहत. कुणी शेजारी थांबत नसे, कुणी मागे लागत नसे. बसभोवती रस्ता मोकळा पडलेला असे. त्या मोकळ्या जागेत आमोसची खाकी जीप एकटीच शिरली. मागच्या काचेतून मेरावचा चेहरा दिसत होता, ती अगदी शेवटच्या सीटवर बसली होती. तिने त्याला पाहिलं, हात हलवला. त्यानेही हलवला. तिने पुन्हा हलवला, जोरजोरात. आमोस खूश झाला. त्याने हॉर्न दिला.

कितीतरी आठवड्यांत त्याला असं शांत वाटलं नव्हतं. पाय हलत नव्हता. पोर डोळ्यांसमोर होती, गिअर लोण्यासारखे पडत होते. बस सिग्नलला थांबली की तो तिच्या बंपरला जवळजवळ टेकून थांबे. काही झालंच तर आपण नेमकं काय करणार, हा प्रश्न त्याला एकदाही पडला नाही. नुसतं जवळ असणं हेच त्याला मोठं वाटत होतं. मेराव वाटभर मागे वळून बसली होती आणि हात करत होती. आमोस वाटभर उत्तर देत होता.

पेताह तिक्वाला ती उतरली. आमोसने जीप कडेला घेतली आणि हसत खाली उतरला. समोर आली ती मेराव पांढरीफटक पडली होती.

"दाय, अबा, दाय!" पुरे, पुरे, असं ती रस्त्यात ओरडली. "मी तुला लांब हो सांगत होते! सगळी वाट! लांब हो, मागे जा! आणि तू हसतोस? बसच्या इतक्या जवळ कोण येतं? सगळे अक्कलवाले लांब आहेत आणि माझा बाप एकटा चिकटून!"

"मला वाटलं, तू..." आमोस अडखळला. "मी तुला बघत होतो."

"आणि मी तुला! स्वतःची भीती मला सवयीची आहे. ती मी पिशवीसारखी उचलते आणि चढते. आज तुझी वाटली. प्रत्येक स्टॉपवर कोणी चढला की मी त्याच्याकडे बघायची सोडून तुझ्याकडे बघत होते. ही मला झेपत नाही, अबा. ही मला देऊ नको."

आमोसला वाटलं, सांगावं की बाई गं, हीच तर मी रोज उचलतो. पण तिचा चेहरा बघून त्याने ते मनातच ठेवलं. एवढे दिवस ही भीती आपल्याजवळच होती, आणि आज गाडी नीट करून, टाकी भरून, आपण ती नेऊन पोरीच्या पदरात घातली. त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, तसा तिने तो घट्ट धरला. हाताला अजून गिअर ऑइलचा वास होता. ती हुंदका देऊन एकदाच रडली आणि डोळे पुसले.

"घरी जा," ती म्हणाली. "मोठ्या रस्त्याने नको, गावातून जा. वाटेत बस दिसली तर थांब, जाऊ दे तिला पुढे. कळलं? आणि पोचलास की फोन कर."

तो गावातून गेला. दोन बसेस दिसल्या, दोन्ही वेळा गाडी बाजूला लावून थांबला. मागचे हॉर्न वाजवत होते, वाजवू दिले. घरी पोचल्यावर जीपखाली न बघताच तो जिने चढला. पनीना काही विचारायच्या आत फोनपाशी गेला आणि मेरावच्या ऑफिसचा नंबर फिरवला.

पहिली रिंग पुरती वाजायच्या आत तिने फोन उचलला.